संगणकाच्या किमतीत दुरुस्तीची किती वर्षे मिळतात?

जून महिन्यात महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की पुण्यातल्या संगणकांच्या दुकानांत गर्दी वाढते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा उसळते. प्रत्येक लॅपटॉपशेजारी एक छापील कार्ड उभे केलेले असते. प्रोसेसरचे नाव, रॅम, एसएसडीची क्षमता, पडद्याचा आकार, छापील किंमत खोडून लिहिलेली सवलतीची किंमत, मासिक हप्ता, क्रेडिट कार्डावरचा कॅशबॅक आणि सर्वांत खाली ‘एक वर्षाची वॉरंटी’ एवढी माहिती त्यावर असते. बॅग आणि माउस मोफत मिळणार असेल तर तेही ठळक अक्षरांत लिहिलेले असते. या यंत्राच्या सिस्टिम सॉफ्टवेअरमध्ये पुढे दोष सापडले तर त्यांची दुरुस्ती कंपनी कोणत्या वर्षापर्यंत देणार आहे, ही ओळ मात्र कार्डावर नसते, खोक्यावर नसते आणि बिलावरही नसते. घरचा संगणक आपण निदान पाच-सहा वर्षे चालावा या हिशेबाने घेतो, त्यावरून बँकेचे व्यवहार करतो, आयकराचे विवरणपत्र भरतो आणि मुलांचे सगळे शिक्षण त्यावर सोपवतो. दुरुस्तीची वर्षे हा किमतीचाच एक भाग आहे आणि ती मोजल्याशिवाय कोणता संगणक स्वस्त व कोणता महाग हे ठरवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिस्टिम सॉफ्टवेअर म्हणजे संगणक सुरू करणारी, त्याचे सुटे भाग चालवणारी आणि आपल्या कामाच्या सॉफ्टवेअरना आधार देणारी सॉफ्टवेअर. त्यांचे थर असतात आणि प्रत्येक थराचा धनी वेगळा असतो. घरातला नळ गळत असेल तर प्लंबर बोलावून काम भागते, पण गच्चीवरच्या टाकीला हात लावायचा तर सोसायटीकडे जावे लागते आणि खडकवासल्याहून येणाऱ्या पाण्याचा प्रश्न महापालिकेशिवाय कोणी सोडवू शकत नाही. संगणकाचेही साधारण असेच आहे. सर्वांत वर विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट थेट आपल्या यंत्रावर पाठवते. तिच्याखाली ड्रायव्हर असतात, म्हणजे पडदा, वायफाय, टचपॅड, आवाज या भागांशी बोलणारे छोटे प्रोग्राम. त्याखाली मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच्या, एका चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर असते. बटण दाबल्यावर सर्वांत आधी तेच जागे होते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला उठवते. या फर्मवेअरचे आजचे रूप यूईएफआय या नावाने ओळखले जाते, परंतु दुकानदारापासून कंपनीच्या संकेतस्थळापर्यंत सगळेजण त्याला अजूनही बायोसच म्हणतात, म्हणून पुढे मीही तोच शब्द वापरणार आहे. आणि अगदी तळाशी, प्रोसेसरच्या आत, त्याने काम कसे करायचे हे ठरवणाऱ्या मायक्रोकोड नावाच्या सूचना असतात.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुरुस्त्या बहुतेक वाचकांच्या परिचयाच्या आहेत. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या प्रसिद्ध करते. ही पद्धत ऑक्टोबर २००३ पासून चालू आहे. अमेरिकेतली ती सकाळ आपल्याकडे मंगळवारची रात्र असते, त्यामुळे ‘रीस्टार्ट करा’ हा संदेश आपल्याला बहुधा बुधवारी सकाळी दिसतो. हा थर तुलनेने सुरक्षित आहे, कारण जगातल्या सगळ्या पात्र संगणकांना एकच कंपनी एकाच वेळी दुरुस्ती पुरवते. खरी अडचण बायोसच्या थरात आहे.

बायोसमधली दुरुस्ती आपल्यापर्यंत किती हातांतून येते हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. समजा, प्रोसेसरमध्ये दोष सापडला. प्रोसेसर बनवणारी कंपनी, म्हणजे इंटेल किंवा एएमडी, त्यावर नवा मायक्रोकोड तयार करते. तो एएमआय, इन्साइड किंवा फिनिक्स अशा बायोसचा मूळ साचा बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातो. त्या आपल्या साच्यात तो बसवतात. मग लॅपटॉपवर जिचे नाव छापलेले असते ती कंपनी, किंवा तिच्यासाठी प्रत्यक्ष यंत्र घडवणारी क्वांटा, कॉम्पाल यांच्यासारखी कंत्राटी उत्पादक कंपनी, तो साचा त्या विशिष्ट मॉडेलच्या मदरबोर्डला जुळवून घेते, चाचण्या करते आणि शेवटी आपल्या संकेतस्थळावर ठेवते किंवा विंडोज अपडेटमधून पाठवते. या साखळीतल्या पहिल्या तिघांनी आपले काम चोख केले आणि चौथ्याने ‘हे मॉडेल जुने झाले’ असे ठरवले, तर दुरुस्ती जगात उपलब्ध असूनही आपल्या घरातल्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही. इंटेलकडे किंवा मायक्रोसॉफ्टकडे दाद मागूनही उपयोग होत नाही, कारण त्या मॉडेलचा बायोस तयार करण्याची चावी नाव छापणाऱ्या कंपनीकडेच असते.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी ओळखले जाणारे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले, तेव्हा ही साखळी सर्वसामान्यांना प्रथमच स्पष्ट दिसली. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या स्मृतीतली गुप्त माहिती चोरून वाचता येईल असे ते दोष होते आणि त्याआधीच्या अनेक वर्षांत विकलेल्या प्रोसेसरमध्ये ते होते. काही भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुरुस्तीने सांभाळता आला, काही भागासाठी मायक्रोकोड बदलणे आवश्यक होते. इंटेलने त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या काही जुन्या प्रोसेसर-कुळांसाठी नवा मायक्रोकोड देणार नसल्याचे जाहीर केले. ज्यांच्यासाठी तो दिला गेला, त्यांच्याही बाबतीत लॅपटॉप-कंपन्यांनी बायोस कधी द्यायचा आणि कोणत्या मॉडेलसाठी द्यायचा हे आपापले ठरवले. मायक्रोसॉफ्टने आणि लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या वितरकांनी मायक्रोकोड ऑपरेटिंग सिस्टिममधूनच, संगणक सुरू होताना, भरण्याची सोय केल्यामुळे कित्येक जुन्या यंत्रांची लाज राखली गेली. परंतु ही सोय मायक्रोकोडपुरतीच आहे. बायोसच्या स्वतःच्या चुका तिने दुरुस्त होत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल या नावाने जाहीर झालेले दोष तसेच होते. संगणक सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर दाखवणाऱ्या बायोसमधल्या भागातच ते होते आणि त्यांवर कंपनीकडून येणाऱ्या नव्या बायोसवाचून दुसरा उपाय नव्हता.

सुरक्षेचा विषय अनेकांना दूरचा वाटतो, म्हणून खिशाला थेट भिडणारे एक उदाहरण देतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले डेस्कटॉपसाठीचे काही वरच्या श्रेणीतले प्रोसेसर अकारण बंद पडत असल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये वाढल्या. मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप हळूहळू झिजत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड मदरबोर्ड-कंपन्यांच्या नव्या बायोसमधून येणार होता. ज्याने बायोस वेळेत बदलला त्याचा प्रोसेसर वाचण्याची शक्यता वाढली. ज्याची चिप आधीच झिजली होती तिला त्याने पूर्ववत केले नाही, ती बदलूनच घ्यावी लागली. आपल्या ओळखीच्या माणसाकडून संगणक जोडून घेणाऱ्या आणि ‘चालतंय ना, मग बायोसला हात लावू नका’ हा सल्ला ऐकत आलेल्या घरांसाठी ही फार महत्त्वाची घटना होती. तो सल्ला एके काळी योग्य होता, कारण बायोस बदलताना यंत्र निकामी होण्याचा धोका मोठा असे आणि बदलण्याचे कारण क्वचितच असे. आता तोल उलट्या बाजूला झुकला आहे.

मग कंपन्या ही दुरुस्ती मनापासून आणि दीर्घकाळ का देत नाहीत, हे समजण्यासाठी किमतीची रचना पाहावी लागते. लॅपटॉपच्या किमतीत प्रोसेसर, पडदा, मेमरी, बॅटरी यांचा खर्च, विंडोजचा परवाना, वाहतूक, वितरक आणि दुकानदार यांचा हिस्सा आणि १८ टक्के जीएसटी असतो. ४८,००० रुपयांच्या लॅपटॉपमध्ये सुमारे ७,३२२ रुपये जीएसटीचे असतात. यातला प्रत्येक खर्च विक्रीच्या दिवसापर्यंत पूर्ण झालेला असतो. दुरुस्तीचा खर्च मात्र विक्रीनंतर सुरू होतो आणि त्यासाठी ग्राहकाकडून नवा पैसा येत नाही. एकाच नावाच्या मालिकेत दरवर्षी अनेक मॉडेल येतात, त्यांत प्रोसेसर, वायफाय कार्ड, पडदा यांचे वेगवेगळे मेळ असतात, आणि प्रत्येकासाठी बायोस वेगळा तपासावा लागतो. जुनी मॉडेल हाताशी ठेवायची, ती तपासणारी माणसे ठेवायची, कंत्राटी उत्पादकाला पुन्हा कामाला लावायचे, हे सगळे आधीच आटलेल्या नफ्यातून करायचे असते. घरगुती लॅपटॉपच्या बाजारात हजार-दोन हजार रुपयांच्या फरकावर ग्राहक दुकान बदलतो. त्यामुळे ज्या गोष्टीबद्दल ग्राहक विचारतच नाही तिच्यावर खर्च करण्याची प्रेरणा कंपनीला उरत नाही.

कार्यालयांसाठी असलेल्या मालिकांचे वेगळे आहे. लेनोव्होची थिंकपॅड, एचपीची एलिटबुक, डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून तिच्या जागी डेल प्रो) ही यंत्रे एकेका कंपनीत शेकड्यांनी जातात. त्यांची खरेदी करणारा विभाग दुरुस्तीची मुदत करारात लिहून घेतो, सुट्या भागांची हमी मागतो आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे जाण्याची ताकद बाळगून असतो. म्हणून तेवढ्याच क्षमतेचा कार्यालयीन लॅपटॉप घरगुती लॅपटॉपपेक्षा महाग दिसतो आणि सर्वसाधारणपणे त्याला बायोसच्या दुरुस्त्या अधिक काळ व अधिक नियमित मिळतात. त्या जादा किमतीत भक्कम बिजागरी आणि चांगला कीबोर्ड यांबरोबर ही वर्षेही असतात.

विंडोजच्या परवान्याबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लॅपटॉपबरोबर येणारा परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो आणि त्याच्याविषयीच्या साहाय्याची जबाबदारी मायक्रोसॉफ्टने लॅपटॉप-कंपनीकडे दिलेली असते. मासिक दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टकडूनच येतात, मात्र त्या दुरुस्तीनंतर आवाज बंद झाला, टचपॅड अडकू लागले किंवा वायफाय सारखे तुटू लागले तर नवा ड्रायव्हर देणे हे लॅपटॉप-कंपनीचे काम असते. ग्राहक दोन दारांमध्ये हेलपाटे घालतो तो यामुळे.

आता हिशेब करू. समजा, एका दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवले आहेत. एक यंदाच बाजारात आला आहे आणि त्याची किंमत ६२,००० रुपये आहे. दुसरा तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा शिल्लक माल आहे, सीलबंद आहे आणि सवलतीत ४८,००० रुपयांना मिळतो. दोन्हींसाठी कंपनी मॉडेल बाजारात आल्यापासून सहा वर्षे बायोसच्या दुरुस्त्या देते असे गृहीत धरू. येथे नेमकी नजर चुकते, कारण वॉरंटी आपल्या बिलाच्या तारखेपासून सुरू होते, पण दुरुस्तीचे घड्याळ मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून चालू झालेले असते. पहिल्याला सहा वर्षे उरली आहेत, म्हणजे दर वर्षाला साधारण १०,३३३ रुपये पडतात. दुसऱ्याला तीनच वर्षे उरली आहेत, म्हणजे दर वर्षाला १६,००० रुपये पडतात. चौदा हजारांची बचत वाटते तिथे दुरुस्तीच्या प्रत्येक वर्षासाठी दीडपट किंमत मोजली गेलेली असते. अर्थात मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही आणि त्याची उपयुक्तता शून्य होत नाही, म्हणून हा भागाकार निर्णयाचा शेवटचा शब्द मानू नये. अभियांत्रिकीच्या उरलेल्या दोन वर्षांपुरता लॅपटॉप हवा असेल आणि नंतर नोकरीत कंपनीचा मिळणार असेल, तर दुसरा लॅपटॉप घेणेच शहाणपणाचे ठरू शकते. परंतु आठवीतल्या मुलीसाठी बारावीपर्यंत चालेल या आशेने घेताना हा भागाकार केलाच पाहिजे.

पुण्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्या आपले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात आणि ते रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, म्हणून बाजारात येतात. ही यंत्रे बांधणीने चांगली असतात आणि मी त्यांच्या विरोधात नाही. मात्र तिथे पहिला प्रश्न प्रोसेसरच्या पिढीचा विचारावा. विंडोज १० चे मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि घरगुती ग्राहकांसाठी दिलेली वाढीव सुरक्षा-दुरुस्तीची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. लॅपटॉपवरच्या स्टिकरमध्ये पिढी नेहमीच लिहिलेली नसते. ती प्रोसेसरच्या पूर्ण क्रमांकात असते. आय-५ ७२००यू असा क्रमांक असेल तर सुरुवातीचा ७ हा सातवी पिढी सांगतो, आणि आय-५ ८२५०यू मधला ८ हा आठवी. दोन्ही यंत्रे बाहेरून सारखीच दिसतात, विक्रेता दोन्हींवर विंडोज ११ चालू करूनही दाखवतो, पण सातव्या पिढीवर ती आडवाटेने बसवलेली असते आणि तिथे पुढच्या दुरुस्त्या मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आठवी पिढी बाजारात आली ती २०१७ मध्ये, हेही लक्षात ठेवावे. विंडोज ११ चालते एवढ्यावरून त्या यंत्राला बायोसच्या दुरुस्त्या अजून मिळतात असे समजू नये.

यावर अनेकदा सुचवला जाणारा उपाय म्हणजे वाढीव वॉरंटी. ‘काकू, तीन वर्षांचं पॅकेज घ्या, मग कसलीच काळजी नाही,’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, परंतु त्या पॅकेजमध्ये येतो तो मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड अशा भागांचा बिघाड. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत सॉफ्टवेअर बहुधा वगळलेले असते, आणि पॅकेज घेतल्याने त्या मॉडेलसाठी बायोस तयार करण्याची मुदत वाढत नाही. दुकानदाराबरोबर केलेल्या वार्षिक देखभाल कराराचेही तेच. अँटिव्हायरसचा वर्षभराचा परवाना हाही पर्याय ठरत नाही, कारण तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत राहून काम करतो आणि त्याच्या आधी जागा होणारा थर दुरुस्त करणे त्याच्या आवाक्याबाहेर असते.

कंपनी मुदत लिहून देत नसली तरी तिची वागणूक तपासता येते, आणि खरेदीपूर्वी अर्धा तास खर्च करून हे प्रत्येकाने करावे असे मी आग्रहाने सांगेन. जो लॅपटॉप घ्यायचा विचार आहे त्याच मालिकेतले चार-पाच वर्षांपूर्वीचे मॉडेल शोधावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचे सपोर्टचे पान उघडावे. तिथे ड्रायव्हरच्या यादीत बायोस हा वेगळा गट असतो. त्यावर टिचकी मारली की आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि ‘रिलीज नोट्स’ दिसतात. शेवटची तारीख गेल्या काही महिन्यांतली असेल तर कंपनी त्या मालिकेला पाच वर्षांनंतरही सांभाळते आहे. ती तारीख मॉडेल आल्यानंतर दीड-दोन वर्षांतच थांबलेली असेल तर आपल्या नव्या लॅपटॉपचे भविष्य आपल्याला दिसले आहे. नोट्समध्ये सीव्हीई या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असतात; ते जगभर मान्य असलेले सुरक्षा-दोषांचे नोंदणी क्रमांक आहेत आणि त्यांतच वर्ष असते. कंपनी असे क्रमांक स्पष्ट लिहीत असेल तर ती चांगली खूण समजावी.

घरात असलेल्या यंत्राची स्थिती पाहणेही सोपे आहे. विंडोजच्या शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ लिहिले की एक खिडकी उघडते. तिच्या उजव्या बाजूच्या लांब यादीत ‘बायोस व्हर्जन/डेट’ अशी ओळ असते. तिच्यात कंपनीचे नाव, आवृत्ती आणि एक तारीख असते. ही तारीख त्या आवृत्तीची आहे, आपण ती बसवली त्या दिवसाची नव्हे. लॅपटॉप उलटा करून मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग सपोर्टच्या पानावर भरला की नेमके आपले मॉडेल उघडते. तिथली आवृत्ती नवी असेल तर ती बसवण्याआधी दोन गोष्टींची तयारी करावी. बायोस लिहिला जात असताना वीज जाता कामा नये, म्हणून लॅपटॉप चार्जरला जोडलेला आणि बॅटरी भरलेली असावी, डेस्कटॉपला यूपीएस असावा, आणि आपल्या भागात महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते तो गुरुवार टाळावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते, म्हणजे तिच्यातली माहिती किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि बायोस बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते; ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवावी आणि बायोस बदलेपर्यंत कूटबद्धता तात्पुरती स्थगित करावी. ती की सापडली नाही तर यंत्र ठीक असूनही त्यातले फोटो आणि कागदपत्रे कायमची हातची जातात. बायोसची फाइल कंपनीच्या संकेतस्थळाखेरीज इतर कुठूनही घेऊ नये.

२०२६ या वर्षाला या विषयात वेगळे महत्त्व आहे. संगणक सुरू होताना खोटी ऑपरेटिंग सिस्टिम घुसू नये यासाठी सिक्युअर बूट ही व्यवस्था असते आणि तिचा आधार मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिलेल्या डिजिटल प्रमाणपत्रांवर आहे. त्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते आणि त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रे बसवावी लागतात. पुष्कळ संगणकांना ती विंडोज अपडेटमधूनच मिळतात, पण काही मॉडेलना त्याआधी कंपनीकडून नवा बायोस हवा असतो. प्रमाणपत्र न बदललेला संगणक चालू राहतो. त्याला संगणक सुरू होण्याच्या टप्प्यावरच्या पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या मात्र मिळत नाहीत. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या एका तांत्रिक निर्णयाची मुदत भरताना, आपल्या मॉडेलच्या कंपनीला अजून त्या मॉडेलची काळजी आहे की नाही याची परीक्षाही आपोआप होते.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. सुटे भाग घेऊन जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये बायोस थेट मदरबोर्ड-कंपनीकडून मिळतो, मधला एक हात कमी होतो. बिल घेताना मदरबोर्डचे पूर्ण नाव त्यावर लिहून घ्यावे म्हणजे पुढे शोधाशोध होत नाही. ॲपलच्या संगणकात बायोसचा थर आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही एकाच कंपनीकडून येतात, ही मोठी सोय आहे, तरी तीही मुदत आधी लिहून देत नाही. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस ताहो ही इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे तिने जाहीर केले आहे. क्रोमबुकच्या, म्हणजे गूगलच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या, बाबतीत गूगलने दहा वर्षांची मुदत सांगितली आहे आणि प्रत्येक मॉडेलची शेवटची तारीख प्रसिद्ध केलेली असते. तीही मॉडेलच्या मूळ बांधणीपासून मोजली जाते, खरेदीपासून नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवल्याने ऑपरेटिंग सिस्टिमचा थर पुन्हा ताजा होतो आणि घरगुती वापरासाठी मी तो मार्ग मनापासून सुचवेन, परंतु कंपनीने सोडून दिलेला बायोस लिनक्सही दुरुस्त करू शकत नाही.

मोबाइलच्या बाजारात चित्र बदलले आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या दुरुस्त्या जाहीर केल्या आणि तेव्हापासून दुकानात ग्राहक ‘किती वर्षे अपडेट मिळतील’ असे विचारू लागले. लॅपटॉपच्या काउंटरवर हा प्रश्न अजून ऐकू येत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या सुरक्षा-दुरुस्तीची किमान मुदत जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले, पण नेहमीचे डेस्कटॉप आणि लॅपटॉप त्यातून वगळले गेले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा त्यापुढे जातो. ११ डिसेंबर २०२७ पासून त्याच्या मुख्य तरतुदी लागू होतील आणि सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे दुरुस्त्या देणे संगणकांसह डिजिटल उत्पादनांच्या उत्पादकांवर बंधनकारक होईल. तिथल्यासाठी तयार झालेला बायोस तेच मॉडेल वापरणाऱ्या पुणेकरालाही डाउनलोड करता येईल, ही त्यातली आपल्या फायद्याची गोष्ट आहे.

भारतात मुदत जाहीर करण्याची थेट सक्ती नाही, तरी ग्राहक अगदीच निराधार नाही. ग्राहक चळवळीचे हे जुने शहर आहे. ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ मध्ये पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे आणि संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हे सेवेतील त्रुटीत मोडते. याचा उपयोग करून घ्यायचा असेल तर खरेदीपूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला मॉडेलचा पूर्ण क्रमांक देऊन ईमेलने सरळ विचारावे की या मॉडेलसाठी बायोसच्या आणि ड्रायव्हरच्या सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत दिल्या जातील. तोंडी आश्वासनाला किंमत नाही. आलेले लेखी उत्तर, ते टाळाटाळीचे असले तरी, बिलाबरोबर जपून ठेवावे. लेखी दिलेला शब्द पाळला गेला नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथे निभावले नाही तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. कंपनीचे मुख्यालय बेंगळुरूत किंवा गुरुग्रामला असले तरी तक्रारदार पुण्यात राहत असेल तर पुण्यातल्या आयोगापुढे तक्रार चालते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.